शेडमधली पाण्याची सोय : हिंगणा एमआयडीसी, नागपूर – प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जून २०२५

३ फेब्रुवारी २०२५
फॅब्रिकेशन शेडमध्ये ३४ जण आणि ऑफिसात ८ जण. उन्हाळा लागायच्या आत प्रत्येकाला हाताशी, चवीला चांगलं आणि गार पाणी मिळेल अशी सोय उभी करायची. ‘पाणी जास्त प्या’ असा फलक लावून कुणी जास्त पाणी पीत नाही. पाणी दहा पावलांवर असलं, गार असलं आणि त्याला वास नसला की सांगावं लागत नाही. त्यामुळे काम आधी व्यवस्थेचं, सूचनांचं नंतर.

पाण्याचा हिशोब असा. ऑफिसमधल्या माणसाला दिवसाला साधारण २ लिटर पुरतं. चहा, ताक, वरण, फळं यांतलं पाणी त्याशिवाय पोटात जातंच, आणि चहा ‘मोजत नाहीत’ हा गैरसमज आहे; दिवसाला दोन-तीन कप चहातलं पाणी शरीराला मिळतं. वेल्डिंग-ग्राइंडिंगवाल्यांचं गणित वेगळं. उष्णतेत काम करणाऱ्यासाठी दर १५ ते २० मिनिटांनी सुमारे २४० मिली हा मान्य मापदंड आहे. म्हणजे ताशी पाऊण ते एक लिटर. कडक उन्हाचे तास आणि जेवणाची सुट्टी धरून शिफ्टला माणशी ५ लिटर धरलं. ३४ गुणिले ५ म्हणजे १७०, त्यात ऑफिसचे १६. मे महिन्यात रोज २०० लिटर पिण्याचं पाणी लागणार, असं धरून पुढची आखणी.

७ फेब्रुवारी
सध्याच्या जागा पाहिल्या. शेडला एकच पिण्याचा नळ, तोही मागच्या भिंतीला, हात धुण्याच्या मोरीला लागून. तेव्हा (फेब्रुवारी २०२५) लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ च्या कलम १८ प्रमाणे पिण्याच्या पाण्याची जागा मोरी, मुतारी, संडास, पिकदाणी, उघडं गटार यांपासून ६ मीटरच्या आत नसावी आणि तिथे बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असं लिहिलेलं असावं. पाटी मराठी आणि हिंदी दोन्हींत करायची, कारण निम्मे फिटर बालाघाट-छिंदवाड्याकडचे आहेत.

पुढच्या बेपासून (बे म्हणजे शेडमधला कामाचा एक कप्पा) हा नळ बराच लांब. हातमोजे काढा, हेल्मेट ठेवा, चालत जा, परत या. एवढ्या खटपटीपायी माणूस दोनदा जायचं ते एकदाच जातो. नवीन पाणवठा शेडच्या मधल्या खांबाजवळ, पेंट बूथपासून दूर. प्रत्येक बेमध्ये बाटल्यांचं स्टँड.

१२ फेब्रुवारी
पाण्याचे दोन स्रोत : एमआयडीसीचं नळपाणी आणि आवारातली बोअर. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर आधी प्रमाणित द्रावणात बुडवून जुळवून घेतला, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. बोअर ९०० च्या पुढे, नळपाणी ३०० च्या आत. भारतीय मानक १०५०० प्रमाणे टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. बोअर पिण्यातून बाद, धुण्यापुसण्याला राहील.

टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. ५० टीडीएसच्या पाण्यातही जंतू असू शकतात आणि ४०० चं पाणी निर्धोक असू शकतं. मीटरवर कमी आकडा दिसला की पाणी शुद्ध, हा समज सगळीकडे पसरलाय. तो खोडून काढणं हेही याच कामात धरलंय. जंतू तपासायला बाजारात मिळणारी एचटूएस बाटली : खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं, काळं पडलं तर पाणी दूषित. क्लोरीन मोजायला ओटी टेस्ट : नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा, नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग तक्त्याशी ताडून बघायचा. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं.

नळपाण्याची बाटली दोन दिवसांनीही स्वच्छ. आरओची गरज नाही. ३०० टीडीएसचं पाणी आरओतून काढलं तर एका लिटरमागे दोन-तीन लिटर गटारात जातं, आणि मिळणारं पाणी बेचव लागतं. बेचव पाणी लोक कमी पितात, हे इथे जास्त महत्त्वाचं.

१७ फेब्रुवारी
जारचा प्रश्न. आजवर बाहेरून कॅम्पर येतात : निळे, जाड, वरून झाकण फिरवायचं, सील नाही, लेबल नाही. आत काय भरलं, कधी भरलं, कुठे भरलं, काहीच कळत नाही. थंड असतात म्हणून लोकांना आवडतात. पण थंडपणा हा शुद्धतेचा पुरावा नाही. थंड पाण्यात वास आणि चव दबून जाते, त्यामुळे बिघडलेलं पाणीही गोड लागतं. कॅम्पर बंद करायचे.

पाणीपुरवठा बंद असेल त्या दिवसासाठी सीलबंद २० लिटरचे ६ जार राखीव. घेताना बघायचं ते : लेबलवर एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ आकडी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख, बॅच, वापरायची मुदत. बाटलीबंद पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १४५४३. ‘नॅचरल मिनरल वॉटर’ वेगळं, त्याचं १३४२८. ‘मिनरल वॉटर’ म्हणून आपण जे सर्रास मागतो ते बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचं, म्हणजे प्रक्रिया केलेलं साधं पाणी असतं. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली, पण एफएसएसएआयने त्याच वर्षी हे पाणी जास्त जोखमीच्या गटात टाकलं, परवाना लागतोच.

त्यानंतर जार उजेडात धरायचा. आत हिरवट थर, खोल ओरखडे, गळ्याला काळी रेघ दिसली तर परत. झाकणावरची प्लास्टिकची पट्टी ढिली असेल तरी परत. ठेवायची जागा : लाकडी फळीवर, सावलीत, आणि थिनर-पेंटच्या खोलीपासून लांब. प्लास्टिक वास ओढून घेतं. रंगाच्या डब्यांशेजारी आठवडाभर राहिलेल्या सीलबंद जारच्या पाण्यालाही थिनरचा वास येतो आणि दोष पाणीवाल्याला दिला जातो. आधी आलेला जार आधी वापरायचा. उघडलेला दोन दिवसांत संपवायचा.

२२ फेब्रुवारी
पिण्यासाठी वेगळी १००० लिटरची टाकी. जुनीच घेतली, ती छपरावर, उन्हात होती. पाणी उपसून गाळ काढला, भिंती नायलॉन ब्रशने घासल्या (तारेच्या ब्रशने ओरखडे पडतात आणि त्यांत शेवाळ धरतं). मग निर्जंतुकीकरण : ५० पीपीएम (लिटरला ५० मिलिग्रॅम) क्लोरीन. १००० लिटरला ५० ग्रॅम क्लोरीन लागतं. ताज्या ब्लीचिंग पावडरीत ३३ टक्के धरलं तर १५० ग्रॅम. पोतं उघडून महिने झाले असतील तर २५ टक्केच धरावं, म्हणजे २०० ग्रॅम. पावडर सरळ टाकीत टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी ओतायचं. चार तास ठेवलं, सगळे नळ एकदा सोडून पाइपांतही ते पाणी फिरवलं, मग पूर्ण उपसा आणि दोनदा धुणं.

टाकी छपरावरून काढून उत्तरेच्या भिंतीला, पत्र्याच्या पडवीखाली लोखंडी घोडीवर बसवली. कारण पुढच्या नोंदीत.

१ मार्च
कूलरची निवड. ऑफिसात असतो तसा बाटली उलटी ठेवायचा डिस्पेन्सर शेडला पुरत नाही. त्याची गार टाकी साधारण तीन लिटरची, आणि तासाला दोन-तीन लिटरच गार करतो. जेवणाच्या सुट्टीत पहिल्या तिघांना गार, पुढच्या एकतीस जणांना कोमट. मग लोक म्हणतात ‘कूलर खराब आहे’. तो खराब नसतो, छोटा असतो.

घेतला ४०/८० : तासाला ४० लिटर गार करणारा, ८० लिटर साठ्याचा, आतली टाकी ३०४ दर्जाच्या स्टीलची. ३४ जणांनी एक-एक लिटरच्या बाटल्या भरल्या तर साठ्यातून सहज निघतात. दोन नळ, प्रत्येकी मिनिटाला ३ लिटर धार : सहा मिनिटांत रांग संपते. रांग दहा मिनिटांच्या वर गेली की मागचे निघून जातात, म्हणून हा हिशोब आधी केला.

आता टाकीचं. कूलरची ताकद आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानावर अवलंबून. ३२ अंशांचं पाणी १६ वर आणायचं म्हणजे १६ अंश उतरवायचे. उन्हात तापलेल्या टाकीतून ४२ अंशांचं पाणी आलं तर २६ उतरवायचे. ताशी ४० चे २५ लिटरच होतात. शिवाय हवाच तापलेली असल्याने कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाही, म्हणजे आणखी कमी. सावली आणि पाइपावर फोमची गुंडाळी, एवढ्याने हा तोटा भरून निघतो. मोठा कूलर घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

थर्मोस्टॅट १६ अंशांवर ठेवला. व्यायाम आणि श्रमात १५ ते २२ अंशांचं पाणी सर्वात सोयीचं मानतात. ६-७ अंशांचं पाणी घामाघूम माणूस दोन घोट घेऊन थांबतो, दात आंबतात, पोटात गच्च होतं.

गाळणी क्रम : ५ मायक्रॉनचं जाळीकाडतूस, कार्बन, यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा). कार्बन क्लोरीनचा वास काढतो, पण त्याबरोबर क्लोरीनचं संरक्षणही जातं. त्यापुढे कूलरमध्ये पाणी उघडं पडतं, म्हणून रविवारच्या सुट्टीच्या आधी कूलर रिकामा करायचा आणि दर १५ दिवसांनी आतून १०० पीपीएमने धुवायचा. १० लिटरमागे ४ टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) २५ मिली, पाच मिनिटं, मग भरपूर पाण्याने विसळणं. जास्त वेळ ठेवलं तर स्टीलला बारीक खड्डे पडतात.

विजेचं काम स्वतंत्र लाइनने, ३० मिलिॲम्पिअरची ईएलसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच), अर्थिंग तपासून. ओले हात, ओली फरशी आणि लोखंडी शेड. यात तडजोड नाही.

८ मार्च
बाटल्या. प्रत्येकाला एक, १ लिटरची, एकपदरी स्टील, ३०४ (१८/८). थर्मासची दुपदरी बाटली शेडमध्ये नको : पडून एकदा चेमटली की पोकळी जाते आणि वजन उरतं. प्लास्टिकच्या बाटलीला वेल्डिंगची ठिणगी पुरते. विकतच्या पाण्याची रिकामी बाटली पुन्हा पुन्हा भरणं हा सगळ्यात वाईट पर्याय. तोंड अरुंद म्हणून ब्रश जात नाही, पातळ भिंतीला सुरकुत्या पडतात आणि तिथे बुळबुळीत थर धरतो.

तोंडाच्या मापावर बराच खल झाला. ब्रश आत गेला पाहिजे, आणि आपल्याकडे बहुतेक जण ओठ न लावता वरून धार धरून पितात. तोंड फार रुंद असेल तर निम्मं पाणी छातीवर. सुमारे ४ सेंटिमीटर तोंड दोन्हींना जमतं. झाकण साधं आट्यांचं, आत सिलिकॉनचं वॉशर, वर हातमोज्याने धरता येईल अशी कडी. सिपर आणि स्ट्रॉ नकोत. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ फटीत बसते, ओलावा असतोच, काळी बुरशी येते.

नाव आणि नंबर बाटलीवर एनग्रेव्हरने कोरले. चिकटपट्टी घामाने निघते, आणि मग बाटल्यांची अदलाबदल होते. उंची २७ सेंटिमीटर, म्हणून कूलरच्या नळाखाली ३० सेंटिमीटर जागा सोडली. इतकी साधी गोष्ट राहिली तर बाटली तिरकी धरावी लागते आणि कुणी पूर्ण भरत नाही.

तांब्याच्या बाटल्या कुणी आणल्या तर साधं पाणीच भरावं. लिंबूसरबत, ताक, पन्हं त्यात ठेवलं तर आंबटपणाने तांबं विरघळतं. मळमळ, उलट्या होतात.

१७ मार्च
ही नोंद सगळ्यात महत्त्वाची. महिला कामगार सकाळपासून पाणी टाळतात, हे सुपरवायझरांना ‘सवय’ वाटत होतं. कारण स्वच्छतागृह. कडी नीट लागत नाही, दिवा बंद, पाणी कधी असतं कधी नसतं, कचराकुंडी नाही, आणि जायला सांगून जावं लागतं. अशा ठिकाणी कूलर कितीही चांगला बसवा, बाई पाणी पिणार नाही. लघवी दाबून ठेवणं आणि पाणी कमी पिणं, दोन्ही मिळून जंतुसंसर्ग होतो. पुरुषांचंही फार वेगळं नाही, फक्त ते आडोसा शोधतात.

काम : आतून पक्की कडी, एलईडी दिवा, बोअरच्या पाण्याची स्वतंत्र ५०० लिटर टाकी, झाकणाची कुंडी, साबण, दिवसातून तीनदा सफाई आणि सफाईची सहीपत्रिका दाराबाहेर. जायला परवानगी घ्यायची पद्धत बंद. या कामाचा खर्च पाण्याच्याच खात्यात टाकला, कारण तो पाण्याचाच खर्च आहे.

२४ मार्च
वेळापत्रक. तहान लागेपर्यंत थांबलं तर उन्हात उशीर होतो. शिफ्ट सुरू होताना बाटली भरलेली हवी. अकरा ते चार दर अर्ध्या तासाने छोटा भोंगा, त्या वेळी बाटलीचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३३० मिली. २० मिनिटांचा भोंगा वेल्डरांनी नको म्हटला आणि ते बरोबर आहे. सांधा अर्धवट सोडता येत नाही. भोंगा झाला की हातातली रॉड संपवून पाणी प्यायचं.

वरची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगितली : तासाला दीड लिटरच्या वर नाही. भरमसाट पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, आणि हे उष्माघातासारखंच दिसतं म्हणून माणसाला आणखी पाणी पाजलं जातं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचं माप दिलेलं असतं. त्यांनी तेच पाळायचं. भोंगा त्यांच्यासाठी नाही.

५ एप्रिल
ऑफिस आणि गेटवर माठ. वैदर्भीय कोरड्या हवेत माठाइतकं चवदार पाणी कशातच नाही, आणि वीज लागत नाही. नवा माठ टिचकी मारून घ्यावा. खणखणीत वाजला तर भाजणी नीट, भद्द वाजला तर तडा. पहिला दिवस भरून ठेवून ते पाणी झाडांना. वाळूच्या थरावर किंवा तिवईवर, वाऱ्याच्या वाटेत, उन्हात नाही. बाहेरून ओलं गोणपाट.

माठाला साबण लावायचा नाही, मातीत मुरतो. तळहाताने किंवा काथ्याने घासायचं, रोज पूर्ण रिकामा करून भरायचा. महिन्या-दीड महिन्यात बाहेर पांढरी पुटं दिसली की क्षारांनी छिद्रं बुजलीत; घासूनही गार होत नसेल तर नवा घ्यायचा. पाणी काढायला तोटीचा माठ किंवा लांब दांड्याचं ओगराळं, हात बुडवायचा नाही. वाळ्याची जुडी धुऊन पातळ कापडात बांधून सोडली. दर चार दिवसांनी उन्हात वाळवायची, पंधरवड्यानंतर बदलायची. वाळ्याचा वास आला की ऑफिसमधले लोक जाता-येता पेला भरून घेतात. सगळ्या उपायांत हा सर्वात स्वस्त.

१६ एप्रिल
नुसतं पाणी पुरत नाही अशा जागा : प्लेट कटिंग आणि गरम बेंडिंग. घामातून मीठ जातं. दुपारी ताक : १ लिटर दही, ४ लिटर पाणी, लिटरमागे सपाट अर्धा चमचा मीठ, जिरेपूड. स्टीलच्या पिंपात, तीन-चार तासांत संपवायचं. बर्फ खाण्याचाच, महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग घालायचा आदेश आहे, पण गाड्यावरच्या पांढऱ्या लादीवरही भरवसा ठेवू नये. ताक नको असेल त्यांना कैरीचं पन्हं. मिठाच्या गोळ्या नाहीत.

ओआरएस प्रथमोपचार पेटीत, डब्ल्यूएचओ सूत्राचं : २०.५ ग्रॅमचं पाकीट एका लिटरला. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाकीट एका पेल्यात ओतणं. पाचपट दाट द्रावण पोटातलं पाणी उलट ओढतं आणि जुलाब होतात. म्हणून पाकीट फक्त १ लिटरच्या बाटलीतच सोडायचं, असा कागद पेटीच्या झाकणावर आतून चिकटवला. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाला तोंडाने काहीही देऊ नये : सावली, ओले कपडे, वारा आणि १०८.

२८ एप्रिल
बाटल्यांना वास येतोय अशी तक्रार. जवळजवळ सगळ्यांत दोष वॉशरखालचा. वॉशर काढून धुतलंच जात नाही. आठवड्याला : वॉशर चाकूने नव्हे, चमच्याच्या दांड्याने काढायचं, गरम पाणी आणि एक चमचा खाण्याचा सोडा, अर्धा तास. तळाला पांढरा थर असेल तर सायट्रिक ॲसिड, लिटरला २० ग्रॅम, गरम पाण्यात. सायट्रिक आणि ब्लीच कधीही एकत्र नाहीत, क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही डबे वेगवेगळ्या कपाटांत. धुतलेली बाटली झाकण उघडं ठेवून पालथी. ओल्या बाटलीचं झाकण लावून ठेवलं की सोमवारी वास येणारच.

९ मे
पारा ४४ वर. दुपारी दोनला कूलरचं पाणी २३ अंश. गॅस संपला असं निदान मेकॅनिक लगेच करतो. आधी कंडेन्सर बघावा. जाळीवर ग्राइंडिंगची धूळ आणि तेलाचा थर बसला होता. ब्लोअरने उलट्या बाजूने साफ केल्यावर तासाभरात १७. या हंगामात दर आठवड्याला. कूलर भिंतीपासून ३० सेंटिमीटर पुढे ओढला, मागे हवा खेळते.

नवीन लागलेल्या हेल्परांना पहिल्या दिवशी उन्हातलं काम पूर्ण वेळेच्या पाचव्या हिश्शाइतकंच, मग रोज तेवढंच वाढवत न्यायचं. शरीर उष्णतेला सरावायला एक-दोन आठवडे घेतं, पाणी कितीही पाजलं तरी.

२० मे
मुतारीत लघवीच्या रंगाचा तक्ता लावला. फिकट पिवळा ठीक, गडद म्हणजे पाणी कमी, चहासारखा असेल तर काम थांबवून दाखवायचं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने रंग गर्द पिवळा होतो, हेही लिहिलंय, नाहीतर उगाच घाबरतात. सगळ्या सूचनांपैकी हा एकच कागद लोक वाचतात, कारण तो आपल्यापुरता असतो आणि कुणी वर टोकत नाही.

भोंगा वाजायच्या आधीच बाटल्या हलताना दिसतात. पुढच्या बेमधले लोक जेवणाआधी दुसऱ्यांदा भरायला येतात. महिला कामगारांच्या बाटल्या दुपारपर्यंत रिकाम्या होतात. स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीआधी त्या भरलेल्याच घरी जात.

३ जून
पावसाळ्याची तयारी. उन्हाळ्यात प्रश्न गारव्याचा, आता गढूळपणाचा आणि जंतूंचा. नळाला गढूळ पाणी आलं की ५ मायक्रॉनचं काडतूस आठवड्यात तुंबतं आणि धार बारीक होते; दोन काडतुसं जादा आणून ठेवली. गढूळ पाण्यात यूव्ही किरण आत पोचत नाहीत, म्हणून धूसर पाणी दिसलं तर कूलर बंद, राखीव जार चालू. ओटी टेस्ट आठवड्याऐवजी रोज सकाळी. एचटूएस बाटली दर सोमवारी, पहिल्या जोरदार पावसानंतर लगेच एक जादा. टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाला बारीक जाळी बसवायची आहे, बेडूक आणि पाली तिथूनच शिरतात. दमट हवेत माठ गार करत नाही. रिकामे करून, कडक उन्हात वाळवून स्टोअरमध्ये पालथे ठेवले. भोंगा ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत तासाभराच्या अंतराने.